फोटो बघून "किती आहेत ते ओळखा": अंदाज नेमका बांधायचा कसा

प्रश्न असा आहे: "आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी ग्रुपवर एक फोटो टाकतात आणि त्यातल्या वस्तू किती ते ओळखायचं, जो सगळ्यात जवळ जाईल तो जिंकला. कधी बरणीतल्या गोट्या, कधी विटांची थप्पी, गेल्या वर्षी तर मिरवणुकीतली गर्दी दिली होती. याला काही पद्धत असते का, की नुसतं नशीब? आणि यंदा स्पर्धा मला घ्यायची आहे, तर फोटो कसा काढू?"

पद्धत असते, आणि ती शिकता येते, अगदी पाचवी-सहावीतल्या पोरांनाही. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बरीच वर्षं साईटवर क्वांटिटी आणि बिलिंग बघते, म्हणजे माल किती आला, काम किती झालं आणि त्याचे पैसे किती द्यायचे हे काढणं हेच माझं रोजचं काम. हल्ली तर सुपरवायझर सकाळी सकाळी नुसता फोटो पाठवतो, "मॅडम एवढी खडी पडलीये, स्लॅबला पुरेल का", आणि त्या एका फोटोवरून सांगावं लागतं की अजून दोन ब्रास (वाळू-खडी मोजायचं माप, म्हणजे १०० घनफूट) मागव नाहीतर राहू दे. त्यामुळे तुमच्या स्पर्धेतला खेळ आणि माझं काम यात फारसा फरक नाही, आणि मला हा खेळ मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पहिली गोष्ट, फोटो बघितल्या बघितल्या आकडा सुचू द्यायचाच नाही. आकडा सगळ्यात शेवटी येतो. आधी फोटोत ओळखीचं एक माप शोधायचं, मग एक वस्तू किती जागा खाते ते बघायचं, मग सगळी जागा किती ते, आणि मग जे फोटोत दिसत नाहीये त्याचा विचार करायचा. खरी चूक कायम या न दिसणाऱ्या भागात असते, दिसणारं तर सगळेच मोजतात.

आता आकडा सुचू का द्यायचा नाही, तर आपल्या डोळ्याची मोजायची ताकद फार थोडी आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाचे एक इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ होते, त्यांनी १८७१ साली स्वतःवरच एक साधा प्रयोग केला होता, काळ्या घेवड्याचे दाणे मूठभर घेऊन एका डब्याकडे टाकायचे, डब्यात किती पडले ते एका नजरेत सांगायचं आणि मग मोजून बघायचं, असं हजारावर वेळा. ३ आणि ४ दाण्यांना ते एकदाही चुकले नाहीत, ५ पासून चुका सुरू झाल्या आणि पुढे वाढतच गेल्या. म्हणजे ४ च्या पुढे आपण बघून सांगत नाही, तर्क करतो. आणि मोठ्या संख्येला डोळा बहुतेक वेळा कमीच धरतो, हे नंतरच्या प्रयोगांतही पुन्हा पुन्हा दिसलंय. तुमच्या ग्रुपवर बघा, बरणीच्या फोटोखाली ३५०, ४००, ५०० अशी उत्तरं येतात आणि निघतात हजाराच्या वर. त्यात दुसऱ्याचा आकडा वाचला की आपला आकडा आपोआप त्याच्याकडे सरकतो, एकाने ४०० म्हटलं की पुढचे वीस जण ३८० ते ४५० मध्ये घुटमळतात, म्हणून ग्रुपवरच्या कमेंट वाचायच्या आधीच स्वतःचा आकडा कागदावर लिहून टाका.

बरं, आता माप. फोटोत कुठलीही एक गोष्ट अशी शोधा जिचं माप तुम्हाला पक्कं माहितीये. १० रुपयाचं नाणं २७ मिलीमीटर असतं, एटीएम कार्ड साडेआठ सेंटीमीटर लांब आणि ५.४ रुंद, ए-फोर कागद २९.७ बाय २१, घरातली विट्रिफाइड टाईल बहुतेक वेळा दोन फूट बाय दोन फूट, प्लायवूडची शीट आठ बाय चार फूट, दाराची उंची साधारण सात फूट. साईटवरच्या फोटोत तर फरशी नाहीतर विटेचा एक थर दिसला तरी मला पुरतं. पण ती मापाची वस्तू आणि मोजायची वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर पाहिजे, नाहीतर सगळं फसतं, त्याबद्दल पुढे बोलते.

पण गोट्यांच्या बरणीला सेंटीमीटरची गरजच नाहीये! मोजायची वस्तू हेच माप धरा. म्हणजे बरणी किती सेंटीमीटर रुंद आहे ते विसरा, बरणीच्या रुंदीत किती गोट्या बसतील आणि भरलेल्या उंचीत किती गोट्या बसतील एवढंच काढा. समजा रुंदीत १० आणि उंचीत १४ निघाल्या. आता गोल बरणीसाठी सूत्र असं: रुंदी गुणिले रुंदी गुणिले उंची गुणिले ०.९. म्हणजे १० गुणिले १० गुणिले १४, झाले १४००, त्याचे ०.९ म्हणजे १२६०. एवढंच. चौकोनी डबा असेल तर लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला १.१५ ने गुणा.

हे ०.९ कुठून आलं ते सांगते, कारण ते कळलं तर तुम्ही कुठल्याही वस्तूसाठी स्वतःचा आकडा बनवू शकता. गोल वस्तू कशाही ओतल्या तर मध्ये पोकळ्या राहतात. फळवाला संत्री रचतो तशी नीट थरावर थर रचली तर ७४ टक्के जागा भरते, त्याहून जास्त भरूच शकत नाही असं खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६११ मध्ये म्हटलं होतं आणि ते सिद्ध व्हायला १९९८ साल उजाडलं, गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी कॉम्प्युटर लावून केलं. पण बरणीत आपण रचत नाही, ओततो, आणि ओतून हलवून हलवून बसवल्या तरी ६४ टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतं. नुसत्या ओतलेल्या, न हलवलेल्या गोट्यांची बरणी ५८ ते ६० ला असते, शिवाय काचेच्या कडेला गोट्या नीट बसत नाहीत, तिथे जास्त पोकळी राहते, त्यामुळे लहान बरणीत आणखी थोडं कमी. मी ६० धरते. गोल बरणीचं घनफळ म्हणजे रुंदीच्या वर्गाचे ०.७८५ पट गुणिले उंची, त्यातली ६० टक्के जागा भरलेली, आणि एक गोटी स्वतःच्या रुंदीच्या घनाच्या ०.५२ पट जागा घेते. हे सगळं एकत्र केलं की ०.९ येतं. बरणी ठोकून ठोकून भरलीये असं वाटलं तर ०.९५ घ्या.

साईटवर हाच प्रकार वाळूच्या ट्रकमध्ये होतो. भरताना हौदा शिगोशीग असतो आणि वाटेत खड्ड्यांतून धक्के खात गाडी आली की माल बसतो, उतरताना चार-सहा इंच कमी भरतो. म्हणून आम्ही हौदा बाहेरून बघून माप घेत नाही, वरून सपाट करून चार-पाच ठिकाणी सळई खुपसून उंची काढतो आणि मग लांबी-रुंदीशी गुणतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण बसलेले की सैल हे ठरवल्याशिवाय त्या १०० ला अर्थ नाही. ओल्या वाळूचं तर आणखीच, पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली की वाळू वीस-पंचवीस टक्के फुगते, बारीक वाळू त्याहूनही जास्त, म्हणजे ढीग मोठा दिसतो आणि माल तेवढाच असतो.

चपट्या गोळ्या असतील, म्हणजे जेम्स या चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांसारख्या, तर त्या गोट्यांपेक्षा जास्त घट्ट बसतात. हे ऐकायला विचित्र वाटेल पण २००४ मध्ये प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी अशाच चॉकलेटच्या गोळ्या घेऊन प्रयोग केला आणि ओतलेल्या चपट्या गोळ्या ६८ ते ७१ टक्के जागा भरतात असं दाखवलं. चपट्या असल्यामुळे त्या एकमेकींत वळून फटी बुजवतात. तेव्हा जेम्सच्या बरणीला ६० न धरता ६६-६७ धरा. उलट शेव, शंकरपाळी, चकल्या असल्या वेड्यावाकड्या वस्तूंना ४० ते ५० च्या वर जाऊ नका, चकली तर आतूनच पोकळ असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यामुळे फोटोवरचे अंदाज थेट निम्म्यावर येतात. मोबाईलनं बरणीचा फोटो बहुतेक जण जवळून काढतात, एखाद्या फुटावरून. वरचीच बरणी घ्या, १६ मिलीमीटरच्या नेहमीच्या गोट्या आणि बरणी १६ सेंटीमीटर रुंद. मोबाईल बरणीच्या मध्यापासून ३० सेंटीमीटरवर आहे. म्हणजे पुढच्या काचेला टेकलेली गोटी मोबाईलपासून २२ सेंटीमीटरवर, आणि बरणीची डावी-उजवी कड दिसते ती साधारण मध्याच्या अंतरावर. जवळची गोटी त्यामुळे सव्वापटीहून मोठी दिसते. तुम्ही काय करता, समोरच्या मोठ्या दिसणाऱ्या गोटीनं बरणीची रुंदी मोजता, आणि १० च्या जागी साडेसात येतात. आता रुंदीचा वर्ग करायचाय, म्हणजे १०० च्या जागी ५६, आणि उत्तर १२६० च्या जागी ७१० च्या आसपास. सूत्र बरोबर, गणित बरोबर, आणि तरी चाळीस-पंचेचाळीस टक्के उडाले.

याला उपाय दोन. एक म्हणजे रुंदी मोजताना अगदी समोरची गोटी न घेता कडेजवळची गोटी माप म्हणून घ्यायची आणि तीही उभ्या उंचीत मोजायची, कारण कडेच्या गोट्या काचेमुळे आडव्या ताणल्या किंवा दबल्या जातात पण उंचीला फारशा बदलत नाहीत. उंची मोजताना मात्र समोरच्या मधल्या रांगेतलीच गोटी घ्यायची, कारण ती उंची आणि ती गोटी एकाच अंतरावर आहेत. दुसरा उपाय, बरणीचं झाकण किंवा तोंड दिसत असेल आणि ते ओळखीच्या मापाचं असेल तर त्यावरून खरी रुंदी काढायची. आणि हो, उंची मोजताना थर मोजू नका. ओतलेल्या गोट्या खालच्या दोन गोट्यांच्या खाचेत बसतात, त्यामुळे थर जास्त दिसतात. एका गोटीची उंची घ्यायची आणि ती एकावर एक सरळ किती वेळा बसेल ते बघायचं.

काचेचंही बघा. बरणीची बाहेरची रुंदी १७ आणि काच अर्धा सेंटीमीटर जाड असेल तर आतली १६ च, आणि एवढ्याशा फरकाने उत्तर १३ टक्के वाढतं. जाड काचेत आतला माल फुगून पार कडेपर्यंत पोचल्यासारखा दिसतो, त्यामुळे काच जाड आहे हे लक्षातच येत नाही. लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरण्यांना बुडाशी आत फुगवटा असतो आणि वर गळा निमुळता होतो, ते दोन्ही वजा करा.

धान्याच्या बाबतीत मोजण्याचा नाद सोडून द्या, तिथे वजन कामाचं. बियाणांच्या धंद्यात आणि कृषी विद्यापीठात १०० किंवा १००० दाण्यांचं वजन ही नेहमीची नोंद असते. आपल्याकडच्या साध्या हरभऱ्याचे १०० दाणे साधारण २० ग्रॅम भरतात, एक लिटरच्या डब्यात हरभरा ७८० ग्रॅमच्या आसपास मावतो, म्हणजे दाणे झाले ३९००. लोक एक लिटरला हजार-दीड हजार म्हणून मोकळे होतात! काबुली चणे मोठे असतात, १०० दाण्यांना ३५-४० ग्रॅम किंवा जास्तच, म्हणून तेवढ्याच डब्यात निम्मेच बसतील. घरात वजनकाटा असेल तर स्पर्धेच्या फोटोत दिसतोय तोच माल एक वाटीभर घेऊन मोजून बघा, ही काही फसवणूक नाही, हीच तर पद्धत आहे.

ढीग असेल तर ढिगाचा उतार पकडा. कोरडी वाळू कशीही ओता, तिचा उतार जमिनीशी ३४ अंशांच्या आसपासच राहतो, म्हणजे उंची ही त्रिज्येच्या दोन-तृतीयांश. मग उंची न मोजताही चालतं, त्रिज्येचा घन गुणिले ०.७ केलं की ढिगाचं घनफळ. पाच फूट त्रिज्येचा ढीग म्हणजे ८७ घनफूट, एका ब्रासला थोडा कमी. फोटोत ढिगाशेजारी घमेलं किंवा माणूस उभा असला की त्रिज्या लगेच निघते. खडीचा उतार थोडा जास्त उभा असतो, ओली वाळू तर जवळजवळ भिंतीसारखी उभी राहते, तिथे हे सूत्र चालणार नाही, उंची वेगळी बघावी लागते. लाडवांचा किंवा मोदकांचा ढीग रचलेला असतो, ओतलेला नाही, त्याला थर मोजायचे: सगळ्यात खालच्या थराच्या दोन बाजू मोजा, वरचे थर एकेक कमी होत जातात, आणि मधला भाग रिकामा ठेवून खाली ताट किंवा वाटी उपडी घातलेली असू शकते हे ध्यानात ठेवा, देवळातल्या नैवेद्याच्या आरासीत हे सर्रास करतात आणि त्यात वाईट काही नाही, आरास उंच दिसायला पाहिजे असते.

विटांच्या थप्पीतही नेमकं हेच बघायचं. लांबीत किती, रुंदीत किती, थर किती, गुणाकार केला की झालं असं वाटतं, पण थप्पी आतून पोकळ रचता येते आणि बाहेरून ते कळत नाही. थप्पीच्या वरच्या थराचा फोटो असेल तर विटा आडव्या-उभ्या कशा लावल्यात बघा, मध्ये खड्डा दिसतोय का बघा. आपल्याकडच्या भट्टीच्या लाल विटा साधारण ९ बाय ४ बाय ३ इंच असतात, एका घनफुटात १६ बसतात, म्हणजे एका ब्रासभर जागेत फटी न धरता १६००. फोटोत थप्पी चार फूट उंच, दहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद दिसली तर ती बरोबर एक ब्रास, आणि फटी धरून विटा पंधराशेच्या आसपास. तुमचा आकडा यापेक्षा फार वेगळा येत असेल तर कुठेतरी थर दुप्पट मोजलाय.

गर्दीचा फोटो हा वेगळाच विषय आहे आणि मला सगळ्यात आवडता. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीत हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते, त्यांच्या खिडकीतून खाली चौकातल्या विद्यार्थ्यांच्या निदर्शनांची गर्दी दिसायची. चौकाच्या फरसबंदीवर चौकोन आखलेले होते, त्यांनी काही चौकोनांतली माणसं मोजली आणि हिशोब बांधला: सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी खच्चून भरली तर अडीच. आजही गर्दीचा अंदाज बांधणारे हेच धरून चालतात. म्हणजे माणसं मोजायचीच नाहीत, जमीन मोजायची. मिरवणुकीचा रस्ता ४० फूट रुंद आणि फोटोत २०० फूट लांब दिसत असेल तर ८००० चौरस फूट झाले, सैल असेल तर ८०० माणसं, दाट असेल तर १८०० च्या आत. ढोल-ताशा पथकाला वाजवायला जी मोकळी जागा सोडलेली असते ती आणि गाडा, ट्रॅक्टर, कमानी हे सगळं आधी वजा करायचं.

गर्दीचा फोटो माणसाच्या उंचीवरून काढला असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पुढच्या डोक्यांनी मागची जमीन झाकली जाते, पन्नास माणसंसुद्धा समुद्र वाटतात, आणि झूम करून काढला असेल तर लांबच्या रांगा एकमेकांना चिकटल्यासारख्या दिसतात. गच्चीवरून किंवा ड्रोननं वरून काढलेला फोटोच खरा. मोठ्या मैदानांना तर नकाशावरून वरची मर्यादा आधीच काढता येते. दादरचं शिवाजी पार्क साधारण २८ एकर आहे, म्हणजे बारा लाख चौरस फुटांच्या आसपास. अख्खं मैदान, क्लबांच्या जागा, झाडं, स्टेज सगळं धरून, दाट भरलं तरी पावणेतीन लाखाच्या आत माणसं, आणि श्वास घेता येणार नाही इतकं कोंबलं तरी पाच लाखाच्या आत. त्याच्या वरचा कुठलाही आकडा कुणीही सांगितला तरी तेवढी जागाच नाहीये.

पक्षी मोजणारी मंडळी पण असंच करतात. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात तेव्हा थव्यातले ५० किंवा १०० पक्षी नीट मोजून डोळ्यात एक तुकडा पक्का करतात आणि तो तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते बघतात. फोटोत हे आणखी सोपं, फोटोवर बोटानं चौकोन काढा, त्यातले मोजा, आणि विरळ जागेतला एक चौकोन व दाट जागेतला एक असे दोन्ही घ्या. फक्त दाट भागातला घेतला की उत्तर फुगलंच म्हणून समजा.

आता एवढं सगळं करूनही खात्री वाटत नसेल, तर दोन आकडे लिहा. एक असा की याच्या खाली असूच शकत नाही, आणि एक असा की याच्या वर असूच शकत नाही. समजा ४०० आणि ३६००. यांची सरासरी २००० येते पण ती घेऊ नका, दोघांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घ्या, १२०० येईल. कारण अंदाजातली चूक बेरजेची नसते, पटीची असते, कुणी तिप्पट सांगतो तर कुणी एक-तृतीयांश, आणि १२०० हा दोन्हीकडून बरोबर तिपटीवर आहे. मोठ्या मोठ्या इंजिनिअरांना हे सांगितलं की आधी पटत नाही, पण एकदा करून बघितलं की परत सरासरीकडे जात नाहीत.

फोटोवरून काढलेल्या अंदाजाचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण म्हणजे जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं. १६ जुलै १९४५ ला अमेरिकेनं न्यू मेक्सिकोत पहिला अणुस्फोट केला, त्याची ताकद गुपित होती, पण १९४७ मध्ये आगीच्या गोळ्याचे फोटो प्रसिद्ध केले आणि त्या फोटोंवर मापाची पट्टी आणि स्फोटानंतरची वेळ छापलेली होती. टेलरनी त्या वेळी गोळा किती मोठा झाला होता एवढ्यावरून ऊर्जा काढली, १७ हजार टन टीएनटी या स्फोटकाच्या ताकदीच्या आसपास, आणि १९५० मध्ये छापली. पुढे बरीच वर्षं अधिकृत आकडा २१ हजार टन मानला गेला. म्हणजे बघा, फोटोत एक पट्टी आणि एक वेळ दिसली तर एवढं निघतं! आपल्या बरणीशेजारी एक नाणं ठेवलं तर काय बिघडलं.

तुमचा दुसरा प्रश्न, स्पर्धा घ्यायची कशी. फोटो बरणीपासून निदान पाच-सहा फूट लांबून काढा आणि मग झूम करा, कॅमेरा बरणीच्या मध्याच्या उंचीला धरा, वरून तिरका नको. एक फोटो समोरून आणि एक झाकण काढून बरोबर वरून असे दोन दिले तर डोकं चालवणाऱ्याला न्याय मिळतो. शेजारी १० चं नाणं ठेवा, बरणीच्या पुढे नको, बाजूला, तिच्या मध्याच्या अंतरावर. बरणी सरळ बाजूंची निवडा. वस्तू ४०० ते २००० च्या दरम्यान असू द्या, त्याहून कमी असतील तर पोरं झूम करून एकेक मोजतात, आणि त्याहून जास्त असतील तर तुमचीच मोजताना पंचाईत होते. फोटो ॲपला दाखवून उत्तर काढतील अशी भीती असेल तर ती फारशी धरू नका, दिसणाऱ्या गोट्या कुठलंही ॲप मोजेल, आतल्या त्यालाही दिसत नाहीत.

उत्तरं ग्रुपवर उघड मागवू नका. गुगल फॉर्म करा नाहीतर चिठ्ठ्या डब्यात टाकायला सांगा, घरटी एक नको, माणशी एक, आजी-आजोबांची पण. उघड उत्तरांमध्ये एकमेकांचं बघून सगळे एकाच बाजूला झुकतात आणि मजाच जाते. आणि बंद चिठ्ठ्यांचा एक फार सुंदर फायदा आहे. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल यावर सहा पेनीचं तिकीट लावून अशीच स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ती तिकिटं मागून घेतली, ७८७ वाचता येण्यासारखी होती, ती चढत्या क्रमानं लावली आणि मधलं तिकीट बघितलं तर १२०७ पौंड. खरं वजन ११९८. एक टक्कासुद्धा फरक नाही, आणि त्यात खाटीक होते, शेतकरी होते तसे ज्यांना काहीच कळत नाही असेही होते. नंतर अमेरिकेत जॅक ट्रेनर या प्राध्यापकांनी वर्गातल्या ५६ विद्यार्थ्यांना जेली बीन्सची बरणी दाखवली, आत ८५० होत्या, वर्गाची सरासरी आली ८७१ आणि फक्त एकाच विद्यार्थ्याचा अंदाज त्याहून जवळ होता. म्हणून निकाल सांगताना विजेत्याच्या आकड्याबरोबर सगळ्या सोसायटीचा मधला आकडा पण जाहीर करा, लोकांना फार आवडतं, आणि जिंकणाऱ्यानं सोसायटीला हरवलं की सोसायटीनं त्याला, यावर पुढचे दोन दिवस चर्चा चालते. मात्र बरणीचा फोटो जवळून काढलेला असेल तर सगळेच एकाच दिशेला फसतात आणि तो मधला आकडा पण खालीच राहतो, गर्दीचं शहाणपण तिथे उपयोगी पडत नाही, म्हणून तर लांबून फोटो काढा म्हणतेय.

बरोबर उत्तर मोजताना भरतानाच मोजा, नंतर नाही. शंभर-शंभरच्या पुड्या करून दोन माणसांनी वेगवेगळ्या मोजायच्या, कागदावर सही, मग बरणीत ओतायच्या. गोट्या असतील तर १०० गोट्यांचं वजन घेऊन शेवटी सगळ्यांचं वजन करून पडताळा घ्या, दोन्ही आकडे पाच-दहाच्या फरकात आले पाहिजेत. दोन जण सारखेच जवळ आले तर काय, हे आधीच ठरवून फॉर्मवर लिहा: जो वर न जाता जवळ असेल तो की ज्याचं उत्तर आधी आलं तो. मी आधी आलेल्याला देते, कारण वेळेची नोंद फॉर्ममध्ये आपोआप असते आणि कुणाला बोलायला जागा राहत नाही. आणि लहान मुलांचा गट वेगळा ठेवा, त्यांना बरणी प्रत्यक्ष हातात घेऊन बघू द्या.